वाचल्याबिगर बंदी नही

आमच्या धरणगावच्या वाचनालयात पुस्तकांवर बंदी असते, पण ती माणूस बघून. घालणारे एकटेच, आमचे ग्रंथपाल नाना. शिंप्याच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा सासुरवासाच्या कादंबऱ्या तिला बंद झाल्या, बाकी सगळ्यांना चालू. किराणावाल्या भाऊंची शुगर वाढली, तर मिठाईच्या कृतींचं पुस्तक नानांनी त्यांच्या हातातून काढून घेतलं. "तुले बंदी शे," एवढंच म्हणायचं आणि पुस्तक टेबलाच्या खणात.

नियम मात्र कडक. "वाचल्याबिगर बंदी नही." मागे चारजण एका पुस्तकावर चिडून तावातावाने आले. हे कपाटातून काढा म्हणाले. नानांनी त्यांना बाकावर बसवलं आणि तेच पुस्तक हातात दिलं. "बठ्ठं वाचा. मंग बोलू." बठ्ठं म्हणजे सगळं, अगदी शेवटच्या पानापर्यंत. तासाभरात तिघं उठून गेले. चौथा बसून राहिला, आता तो वर्गणीदार आहे.

मला याची मोठी गंमत वाटायची, माझ्यावर पाळी येईपर्यंत. यजमान जाऊन काही महिने झाले होते. शाळेत शिकवायचं, घरी येऊन भिंतीकडे बघत बसायचं, डोळ्यांत टिपूस नाही. एक नवी कादंबरी मागितली तर नाना म्हणाले, "तुले बंदी शे, माय."

माझं डोकंच फिरलं. "नाना, पोरांना शिकवते मी. मला काय झेपतं ते तुम्ही कोण ठरवणार?"

"मी ग्रंथपाल." खण बंद.

मीही काही कमी हट्टी नाही. जळगावला मीटिंग होती, तिथून तीच कादंबरी विकत घेतली आणि परतीच्या एसटीत उघडली. मध्येच एक प्रकरण आलं. नवरा दवाखान्यात असतो, बायको डबा घेऊन पोचते तोवर खाट रिकामी. मी पाळधीपासून धरणगावपर्यंत रडले. शेजारच्या बाईने पाणी दिलं. घरी आले तेव्हा कित्येक दिवसांनी कडकडून भूक लागली होती.

रविवारी कादंबरी संपवली आणि सोमवारी नानांच्या टेबलावर आपटली. "तुमची बंदी चुकली, नाना. मला हेच हवं होतं. पुढे ती बाई कशी सावरते, ते वाचलं नाही का तुम्ही?"

नाना चष्मा पुसत बसले.

"डबा उना ना," ते म्हणाले, "तठेच थांबनू मी. आमनी अक्का गई तवय मना हातमा बी डबा व्हता."

अक्का म्हणजे त्यांची बायको. तिला जाऊन बरीच वर्षं झाली. डबा आला तिथेच पुस्तक मिटून, आयुष्यात पहिल्यांदा नानांनी पुरतं न वाचता बंदी घातली होती, आणि मला त्यांच्यावर रागावता येईना.

"मंग पुढे काय व्हस?" त्यांनी हळूच विचारलं.

"सांगणार नाही," मी म्हटलं. "बठ्ठं वाचायचं."

नानांनी उठून दार लोटलं. मी बाकावर बसले आणि डब्याच्या पानापासून मोठ्याने वाचायला लागले.