राखून ठेवलेली खुर्ची

भिंगरीला हरण्याची भीती कधीच वाटली नाही. टाळ्या मिळाल्या नाहीत तर मात्र त्याला जेवण जायचं नाही. टेबल टेनिसवर पोट भरणारा हा गडी खेळता खेळता मागे मागे सरकायचा, फळ्यांच्या कुंपणावरून उलटी टांग टाकायचा आणि पहिल्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीवर न बघता ऐटीत बसून तिथून उंचच उंच चेंडू परतवायचा. लोक वेडे व्हायचे. खुर्ची अर्थात आपोआप रिकामी राहत नसे. बायको तिच्यावर पर्स ठेवून पहारा द्यायची.

त्याचे प्रशिक्षक म्हणजे खुद्द सासरे. दुसऱ्या कुणाचा त्यांनी कान पिळला असता, पण जावयाला काय बोलणार?

“जावईबापू, आज संघाचे मालक स्वतः येताहेत. जिंकलात तर करार वाढेल, नाहीतर घरी बसावं लागेल. तेवढं टेबलाजवळ राहून खेळावं, ही विनंती.”

“बाबा, निर्धास्त राहा. आज इकडचा पाय तिकडे करत नाही.”

शेवटच्या डावात दहा-नऊपर्यंत त्याने शब्द पाळला. आता एक गुण, की करार खिशात. त्यात समोरच्याने चेंडू इतका अलगद दिला, की शेंबड्या पोरानेही मारला असता. तेवढ्यात वरून कुणीतरी ओरडलं, “भिंगरी, खुर्ची!”

झालं. मारायचा चेंडू त्याने गोंजारून परत दिला आणि मागे निघाला. सासऱ्यांनी डोळे मिटले.

टांग टाकली, बसला, चेंडू उंच उडवला. सगळं सभागृह किंचाळलं. एवढी दाद त्याला आजवर मिळाली नव्हती. तो पायावर पाय टाकून मागे रेलला. आज खुर्चीला गादी घातलेली दिसतेय, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. मग गादी खोकली.

भिंगरीने मान वळवली. चार बोटांवर मालकांचा चेहरा होता.

शेजारी बायको पर्स छातीशी धरून पांढरीफटक पडली होती. “अहो, ते उशिरा आले, उभे होते. बसा म्हणावंच लागलं.”

एवढ्यात समोरच्याने हाणलेला चेंडू टेबलावर आपटून सणसणत आला. भिंगरीची बॅट जागची हलली नाही. मालकांनी घाबरून हात पुढे केला आणि चेंडू झेलला. गुण गेला. नंतरचे दोनही गेले, कारण चेंडूपेक्षा त्याचं लक्ष मालकांच्या चेहऱ्याकडेच होतं. सामना गेला, आता करार कसला राहतोय.

मालकांनी सासरे-जावयाला आत बोलावलं.

“खेळ यथातथाच,” मालक मांड्या चोळत म्हणाले. “पण लोक बाहेर अजून हसताहेत, पुढच्या सामन्याची तिकिटं मागताहेत. करार वाढवतो. दर सामन्याला हेच करायचं, मांडीसकट.”

भिंगरीने वाकून मालकांचे पाय धरले. आपण शुद्धीत आहोत की नाही, हेच त्याला कळेना.

“फक्त माझ्या गुडघ्यांना हे झेपायचं नाही. त्या खुर्चीवर यापुढे प्रशिक्षक बसतील.”

सासऱ्यांनी आधी मालकांकडे पाहिलं, मग स्वतःच्या मांड्यांकडे, मग जावयाच्या अंगलटीकडे. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच ते एकेरीवर आले.

“गाढवा,” ते म्हणाले, “हळू बसत जा.”