सासूबाईंचा उलटा टॅब

"या टॅबला परत जुनं करता येतं का हो, जावईबापू?" सासूबाईंनी विचारलं, आणि जावईबापूंची छाती इंचभर फुगली.

लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण सासूबाईंनी त्यांच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. बाई मानी. कुणाची मदत घेणं म्हणजे त्यांना हार वाटायची. पण वेळच तशी आली होती. टॅबने रातोरात नवी सिस्टीम घेतली आणि त्यांचा शब्दांचा खेळ उघडेना. 'हा खेळ या आवृत्तीवर चालत नाही,' एवढंच टॅब सांगायचा. दर रविवारी दुपारी चार वाजता त्यांचा धाकट्या बहिणीशी या खेळात सामना असे. गेले सात रविवार धाकटीच जिंकत होती. आता खेळायलाच गेलं नाही, तर थोरलीने मैदान सोडून पळ काढला, असं ती नात्यागोत्यात सांगत सुटणार. आणि आज शुक्रवार होता.

"जुनी सिस्टीम टाकली की झालं," जावईबापू बाह्या सरसावत म्हणाले. "दहा मिनिटांचं काम आहे, आई."

"मिक्सर उघडलास तेव्हाही हेच म्हणाला होतास," दारातून बायको म्हणाली.

"मिक्सर चालतोय की."

"चालतोय रे. पण बंद होत नाही. भिंतीतून वायर उपटावी लागते."

जावईबापूंनी तिकडे दुर्लक्ष केलं. त्यांनी टॅब लॅपटॉपला जोडला आणि जुन्या सिस्टीमची फाइल शोधून काढली. फाइलच्या वर लाल अक्षरांत लांबलचक सूचना होत्या. त्या त्यांनी वाचल्याही असत्या, पण खाली 'मला सर्व समजले आहे' अशी चौकट होती, आणि समजलं नाही असं कळवायची काही सोयच नव्हती. त्यांनी चौकटीत खूण केली.

टॅब काळा पडला. दहा मिनिटं गेली, वीस गेली.

"झोपला का हो?" सासूबाईंनी विचारलं.

"विचार करतोय, आई."

तासाभराने पडदा उजळला. "बघा!" जावईबापूंनी विजयी मुद्रेने बायकोकडे पाहिलं आणि भाषांच्या यादीत डावीकडच्या 'मराठी'वर बोट ठेवलं. निवडली गेली ती उजवीकडची भाषा, जिची अक्षरं पाहून वाटावं की मुंग्यांची रांग पाणी पडून उधळली आहे. त्यांनी 'मागे' दाबलं, टॅब पुढे गेला. 'पुढे' दाबलं, तो मागे आला. बऱ्याच झटापटीनंतर उलगडा झाला: डावीकडे बोट टेकलं की टॅब उजवीकडचं बटण दाबत होता, आणि उजवीकडे टेकलं की डावीकडचं.

खेळ मात्र उघडला. जावईबापूंनी तो बंद करायला डाव्या कोपऱ्यातल्या फुलीवर बोट ठेवलं. उजव्या कोपऱ्यात प्रतिस्पर्ध्याला व्हिडिओ कॉल लावायचं बटण होतं. पडद्यावर धाकटीचा, म्हणजे मावशींचा चेहरा अवतरला.

"जावईबापू, तुम्ही? थोरलीने हत्यारं खाली ठेवली वाटतं!"

"छे छे, मावशी! आईंचा सराव जोरात चाललाय!" असं म्हणून जावईबापूंनी टॅब उशीखाली कोंबला. फोन कसा ठेवायचा, ते त्यांना कळेना. मावशी उशीखालून बराच वेळ बोलत राहिल्या.

शनिवारी सकाळी ते टॅब घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुरुस्तीवाल्याने डोळ्याला भिंग लावून टॅबची पाठ न्याहाळली.

"फाइल टाकण्याआधी मागचा नंबर बघितला होता?"

"बघितला की."

"शेवटचं अक्षर?"

जावईबापू वाकून टॅबची पाठ बघू लागले.

"तुमचा टॅब 'बी' आहे. तुम्ही 'ए'ची फाइल घातलीत. सख्खे भाऊ आहेत हो, पण एकाची पँट दुसऱ्याला कशी बसणार? काचेखालचा टच एक समजतो, सिस्टीम दुसरंच." त्याने भिंग काढलं. "सहज विचारतो साहेब, तुम्ही काय करता?"

"चष्म्याच्या दुकानात असतो," जावईबापू खालच्या आवाजात म्हणाले. "लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावतो."

दुरुस्तीवाला सभ्य माणूस होता. तो नुसता खोकला. "'बी'ची जुनी फाइल मागवतो. मंगळवारी या."

रविवारी जेवणं झाल्यावर जावईबापूंनी टॅब सासूबाईंपुढे ठेवला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. सासूबाईंनी चष्मा पुसला, टॅब मांडीवर घेतला आणि एकदोनदा बोट टेकवून पाहिलं.

"म्हणजे आरशातल्यासारखं चालतंय हे?"

"हो, आई. चुकलंच माझं."

"मग आधी नाही का सांगायचं!" असं म्हणून त्यांनी टपाटप पाच शब्द जुळवले. एकही अक्षर चुकलं नाही. जावईबापूंचा आ वासलेला पाहून त्या हसल्या. "तीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवले मी. शिशाचं अक्षर उलटंच असतं. ते उलटं वाचायचं, उलटं लावायचं, तेव्हा कुठे कागदावर सुलटं उमटतं. ते काम सुटल्यापासून सगळं जगच मला जरा वाकडं वाटतंय, पण सांगणार कुणाला?"

चार वाजता सामना सुरू झाला आणि साडेचारला धाकटीचा धुव्वा उडाला. तिने पुन्हा डाव मांडायला लावला, पुन्हा हरली. सासूबाईंनी स्वतःच्या हाताने जावयाला चहा करून आणला, पाहुण्यांच्या कपातून.

"मुद्दाम केलंत ना असं? माझं जुनं काम लक्षात ठेवून?"

जावईबापूंनी चहाचा घोट घेतला. "थोडा विचार केला होता," ते म्हणाले. बायकोला नेमका तेव्हाच ठसका लागला.

इथे थांबले असते तर शहाणे ठरले असते. पण मंगळवारी फाइल आली, आणि आपल्या हातून बिघडलेली वस्तू तशीच राहणं त्यांना पटेना. सासूबाई फिरायला गेल्या होत्या, तेवढ्यात त्यांनी 'बी'ची फाइल घातली. या वेळी शेवटचं अक्षर तीनदा वाचलं. टॅब अगदी नव्यासारखा चालू लागला. डावं ते डावं, उजवं ते उजवं. आईंना आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून ते काही बोलले नाहीत आणि टॅब रविवारपर्यंत कपाटात ठेवून दिला.

धक्का बसला तो थेट रविवारी, सामन्यात. सासूबाईंची बोटं सवयीने उलट्या बाजूला जात राहिली आणि भलतीच अक्षरं उमटत राहिली. त्यांनी लावलेला सगळ्यात लांब शब्द दोन अक्षरी होता. पलीकडून मावशींच्या हसण्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत येत होता.

"चांगला चालत होता हो," सासूबाई रडवेल्या झाल्या. "काय करून ठेवलंत याला?"

"नीट केला, आई."

"कुणी सांगितलं होतं? आधीसारखा करून द्या."

जावईबापूंनी पुन्हा बाह्या सरसावल्या. 'ए'ची तीच फाइल, तीच वायर, तीच चौकट. 'ही फाइल या टॅबसाठी नाही,' आता शहाणा झालेला टॅब म्हणाला आणि जागचा हलला नाही. त्यांनी दुसरी वायर लावली, तिसरी चुकीची फाइल शोधली, लाल सूचना शोधून शोधून मोडल्या. टॅब ढिम्म. दुरुस्तीवाल्याला फोन केला, तर त्याने सगळं दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "साहेब, बिघडवून द्यायचं काम मी अजून घेतलेलं नाही."

पाच वाजता जावईबापू घामाघूम होऊन टॅबपुढे बसले होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या हातून एखादी वस्तू बिघडत नव्हती.

सासूबाईंनी शेजारी खुर्ची ओढली आणि मायेने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"जमेल हो तुम्हाला," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी किती सहज केलं होतंत."