कवळीच्या कारखान्यातली मुलाखत

"अशी जाहिरात लिहितो, की कुत्रंसुद्धा फिरकणार नाही!" मालकांनी जाहीर केलं आणि पेनाचं टोपण दातांनी उघडलं. दात त्यांचे स्वतःचेच होते. म्हणजे स्वतःच्या कारखान्यात बनलेले.

कारखाना कसला, दोन खोल्या! पुढच्या खोलीत मालक गिऱ्हाइकांच्या जबड्याचं माप घेत आणि मागच्या खोलीत परदेशी कारागीर कवळ्या घडवत असे. त्याच्या हातची कवळी बसवली की माणसं कारण नसताना हसत सुटायची. तो मराठी शिकला मालकीणबाईंचं ऐकून ऐकून. त्यामुळे मालकांचं नाव 'अहो' आहे, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. "अहोसाहेब, मेण संपलं!" असं तो आतून ओरडला की नवं गिऱ्हाईक चपापायचं.

या कारागिराचा कामाचा परवाना महिनाअखेरीस संपत होता. नवा हवा तर मालकांनी त्याचं प्रायोजकत्व घ्यायचं, आणि त्याआधी सिद्ध करायचं, की हे काम करणारं माणूस इथे मिळतच नाही. जाहिरात द्यायची, मुलाखती घ्यायच्या, त्याही सरकारी अधिकाऱ्यासमोर! इथलं कोणी लायक निघालं, तर कारागिराची रवानगी मायदेशी. आणि कारागीर गेला की कारखान्याला टाळं. मालकांचा हात आता इतका थरथरायचा, की त्यांनी घडवलेल्या शेवटच्या कवळीमुळे एका भल्या माणसाचं तोंड आठवडाभर उघडं राहिलं होतं.

म्हणून मालकांनी अटींची नुसती बरसात केली. मेणातून दात हाताने कोरता यावेत. दाताचा रंग नुसत्या नजरेने जुळवता यावा. मालकांचा तापट स्वभाव सोसण्याचा दांडगा अनुभव असावा. मालकांचा हरवलेला चष्मा क्षणात शोधून देता यावा!

"आता बघतोच कोण येतो ते!"

सरकारी कार्यालयाने खाली नियमाप्रमाणे आपली भर घातली. रोज आठच तास काम, आठवड्याची सुट्टी, भरपगारी रजा, आणि वर्षातून एकदा आपल्या माणसांत जाऊन येण्याचं तिकीट, मालकांच्या खर्चाने. मालकांनी तिकडे ढुंकूनही न बघता जाहिरात दारावर चिकटवली. त्या दारावरून मालकीणबाई दिवसातून दहादा जा-ये करायच्या.

मुलाखतीच्या दिवशी अधिकारी बाई येऊन बसल्या. बाहेर चिटपाखरू नव्हतं. मालकांच्या मनात गुदगुल्या होत होत्या.

"अगं, चहा टाक!" त्यांनी आत हाक दिली.

दार उघडलं. ठेवणीतले कपडे, खांद्याला पर्स, अशा थाटात मालकीणबाई आल्या आणि उमेदवाराच्या खुर्चीवर बसल्या.

"नमस्कार. मी मुलाखतीला आलेय."

"अगं, थट्टा करायची वेळ आहे का ही? चहा—"

"उमेदवाराला चहा करायला सांगू नका!" अधिकारी बाई कडाडल्या.

"उमेदवार कसली? बायको आहे ती माझी!"

"राहतात इथेच ना?"

"इथेच राहणार ना! पण—"

"मग झालं तर. विचारा प्रश्न."

मालकांनी घाम पुसला. "दात… दात कोरता येतात का?"

मालकीणबाईंनी मेणाचा तुकडा उचलला आणि बोलता बोलता दाढ कोरायला घेतली. "गेल्या वर्षी कारागीर तापाने पडला होता. तेव्हा कवळ्या कोणी केल्या असं वाटलं तुम्हाला?"

"त्यानेच… अंथरुणातून?"

"मी केल्या! आणि रंगाचं म्हणाल, तर बाई, रागावू नका, तुमचा समोरचा एक दात बसवलेला आहे. शेजारच्यापेक्षा जरासा फिकट पडलाय."

अधिकारी बाईंनी झटकन तोंड मिटलं.

"आणि माझा तापट स्वभाव?" मालकांना वाटलं, आता सापडली!

"तो सोसण्यातच तर उमर गेली."

"मी तापट नाही!" मालक गरजले आणि त्यांनी टेबलावर असा गुद्दा हाणला, की चष्मा नाकावरून उडाला. मालक चाचपडू लागले. मालकीणबाईंनी मान न वळवता हात मागे नेला, मेणाच्या भांड्यातून चष्मा काढला, पुसला आणि त्यांच्या नाकावर ठेवला.

"कमाल आहे!" अधिकारी बाई उभ्याच राहिल्या. "इतकं लायक माणूस मी आजवर बघितलं नाही. नोकरी यांना! परदेशी कारागिराला परवाना नाही."

मागच्या दारात कारागीर उभा होता. हातात अर्धी कवळी, चेहरा पांढराफटक.

"अहोसाहेब, मी जायचं?"

मालकांना एकदम भडभडून आलं. हा पोरगा गेला तरी कारखाना एकवेळ बायकोच्या हातांवर चालेल. पण 'अहोसाहेब' अशी हाक मारणारं कोणी उरणार नाही, हे त्यांना फार लागलं.

"अगं, का केलंस हे? नोकरी कशाला हवी तुला? सगळा कारखाना तुझाच आहे ना?"

"कारखाना माझा, आणि सुट्टी त्याची?" मालकीणबाईंनी दारावरच्या जाहिरातीकडे बोट केलं. "माहेरी जाऊन मला किती वर्षं झाली, आठवतंय? त्याला तिकीट देता, कारण सरकारने सांगितलं. मला द्या म्हणून तुम्हाला कोण सांगणार होतं?"

मालकांनी बोटांवर वर्षं मोजायला घेतली. त्यांना खरंच आठवत नव्हतं, आणि त्याची त्यांना मनापासून लाज वाटली.

"घे सुट्टी! घे रजा! तिकीट आजच काढतो! पण अर्ज मागे घे गं!"

"बाईंच्या समोर कबूल?"

"कबूल! कबूल!"

मालकीणबाईंनी डोळे टिपले आणि पर्स बंद केली. "बाई, मी अर्ज मागे घेते. मला दुसरीकडे चांगली नोकरी लागली."

"कुठे?"

"घरी."

अधिकारी बाई हसू दाबत म्हणाल्या, "मग दुसरा उमेदवारच नाही. कारागिराला तीन वर्षांची मुदत. काम चांगलं असेल तर वाढवून मिळेल."

कारागिराने आनंदाने उडीच मारली. मालक त्याला मिठी मारायला धावले, तेवढ्यात मागून मालकीणबाई म्हणाल्या, "आणि बाई, यांचीही मुदत तीनच वर्षं धरा. वागणूक बघून वाढवायची का ते ठरवू."

मालक जागच्या जागी मटकन बसले. कारागीर हलकेच शेजारी येऊन बसला आणि त्याने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"घाबरू नका, अहोसाहेब," तो म्हणाला. "पहिल्या वेळी सगळ्यांनाच असं होतं."