थांबती की

आमचे शंकरमामा गाडीची शिट्टी ऐकल्याशिवाय पायात चप्पल घालत नाहीत.

दोष त्यांचा नाही. अजिंठ्याच्या डोंगरापलीकडं त्यांच्या गावाला एक छोटी गाडी होती, तिनं त्यांना लाडावून ठेवलं. रूळ खेळण्यातले वाटावेत इतके अरुंद, डबे मोजून चार. ती फलाटावर यायची तेव्हा मामा चहा बशीत ओतत असायचे. मामींनी डोळे वटारले की दुसरी बशी भरायचे. "थांबती की. घरचीच हाय." आणि ती खरंच थांबायची. मामांनी बांधावरून हात वर केला की ड्रायव्हरच ओरडायचा, मामा, पळू नका, पडाल.

करोनात ती बंद झाली ती झालीच. मामा-मामी इथं शहरात, छावणी भागात राहायला आले आणि मामांनी तोच हात शहरातल्या वाहनांना करायला सुरुवात केली. पैठणच्या एसटीला मागून केला. ती धूर सोडून गेली. "बाईनं ओळख नाय ठेवली." चिकलठाण्याच्या विमानतळावर मला सोडायला आले, तेव्हा म्हणे उडत्या विमानालाही केला. "हात केला तर आणखीच वर गेलं. लई माजलंय."

मी बरोब्बर उलटा. बायको म्हणते, ह्यांना स्टेशनवर आदल्या दिवशीची गाडी मिळते.

तर परवा आमची रेवा नोकरीसाठी बंगळुरूला निघाली. दर सुट्टीत मामांबरोबर त्या छोट्या गाडीतून हिंडलेली पोरगी. मामाआजोबांच्या पाया पडल्याशिवाय घरातून हलणार नाही म्हणाली. मामांचा पत्ता नाही, फोन उचलेनात. मी तणतणत छावणीत गेलो. काय काय बोलायचं ते रिक्षातच जुळवलं होतं.

मामा दारात पायरीवर बसलेले. डोक्यावर इस्त्रीची टोपी, मांडीवर लाडवांचा डबा, आणि पायात चप्पल. ती चप्पल बघून मी जुळवलेलं सगळं विसरलो.

"तयार आहात, मग चला की मामा."

"आख्ख्या जन्मात गावच्या गाडीला एकदाच टायमावर गेलो बघ. तुझी मामी लई मागं लागली म्हणून. गाडी बी टायमावर सुटली. दुसऱ्या दिवसापासून बंद." ते डब्याचं घट्ट बसलेलं झाकण पुन्हा घट्ट करत राहिले. "मी नाय पोचलो, तर थांबंल ना पोरगी?"

खिशात माझा फोन वाजू लागला. रेवाच असणार. गाडीला अजून पुष्कळ वेळ होता. म्हणजे माझ्या हिशेबानं उशीर केव्हाच झाला होता.

"सरका जरा," म्हणालो, आणि पायरीवर बसलो.