चार इंची भिंतीतला जीव

"भिंतीला नखसुद्धा न लावता गळती कुठे आहे ते दहा मिनिटांत सांगतो!" असं जावईबापूंनी रविवारी सकाळी साडेदहाला, सासऱ्यांच्या घरी, चहाचा कप उंच धरून जाहीर केलं. आणि दुपारी एकला त्याच घरासमोर अग्निशमन दलाची गाडी उभी होती!

जावईबापू मुळात हुशार माणूस. भिंगांची रचना करणारे इंजिनीअर. अंधारात बघणारे, धुरातून बघणारे, माणसाच्या आतड्यात शिरून बघणारे कॅमेरे त्यांच्या कंपनीत बनत आणि त्यांची भिंगं कशी वळवायची ते जावईबापू ठरवत. पण हे सासऱ्यांना पटवणार कोण? सात वर्षं झाली, सासरे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "आमचे जावई चष्म्याच्या लाइनीत आहेत." जावईबापूंचा चहा तिथेच घशात अडके.

सासऱ्यांचा स्वतःचा धंदा लाद्या बसवण्याचा. आता निवृत्त झाले होते. पण घरातल्या बाथरूमची भिंत ही त्यांची अखेरची कलाकृती. गडद हिरव्या, आरशासारख्या चकचकीत लाद्या. दोन लाद्यांमधली रेघ अशी सरळ, की पट्टीनं लाजावं! सासरे रोज आंघोळीनंतर ती भिंत कोरड्या फडक्यानं पुसत. स्वतःचं अंग नंतर.

तर खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या छताला ओल आली होती. प्लंबर म्हणाला, भिंत फोडावी लागेल. सासऱ्यांनी त्याला तसाच जिना दाखवला. आणि जावईबापूंना वाटलं, हीच ती वेळ! त्यांनी ऑफिसातून परवानगी काढून नवाकोरा कॅमेरा आणला. उष्णता टिपणारा. गरम ते पिवळं, गार ते जांभळं. भिंतीत पाणी असेल तर तिथे वेगळा रंग दिसणार, एवढं सोपं.

"याचं भिंग मी केलंय," जावईबापू म्हणाले. "तीन वर्षं लागली."

सासऱ्यांनी भिंगाला डोळा लावला. "यातून काहीच दिसत नाही की हो!"

"बाबा, ते वेगळ्या धातूचं आहे. त्यातून डोळ्याला दिसत नाही, फक्त उष्णता जाते."

"मग ते भिंग कसलं? झाकण आहे ते!"

जावईबापूंनी दात आवळले आणि बाथरूमच्या दारात उभं राहून कॅमेरा सुरू केला. पडद्यावर सगळी भिंत जांभळी आणि मधोमध, छातीच्या उंचीवर, एक पिवळसर डाग!

"सापडलं! गरम पाण्याचा पाइप तिथेच फुटलाय!" ते ओरडले आणि उत्साहानं एक पाऊल डावीकडे सरकले.

डागही डावीकडे सरकला.

ते उजवीकडे गेले. डाग उजवीकडे आला.

"आई," जावईबापूंचा आवाज जरा बारीक झाला, "पाइप हलतो का हो?"

सासूबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. पडद्याकडे बघून त्यांचे डोळे विस्फारले. "अगंबाई! हे जिवंत आहे! घूस शिरलीय भिंतीत!"

"चार इंची भिंतीत घूस?" सासरे गरजले आणि बघायला जावयाच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. पडद्यावर दोन डाग उमटले.

"दोन आहेत!" सासूबाई किंचाळल्या. "नर-मादी!"

किंकाळी ऐकून जावईबापूंची बायको धावत आली आणि दोघांच्या मधून डोकावली. आता तीन!

"घ्या! पिल्लूही झालं!"

आता कुणी विचारेल, एवढा शिकलेला माणूस, त्याला कळू नये? पण त्यांच्या प्रयोगशाळेत कॅमेरा तिवईवर असे आणि समोर काळा रंग दिलेला पत्रा. कॅमेऱ्यासमोर काय ठेवायचं ते जावईबापूंना पाठ होतं. कॅमेऱ्यामागे कोण उभं आहे याचा विचार करायची वेळ तीन वर्षांत आलीच नव्हती. शिवाय सासऱ्यांसमोर 'बघून सांगतो' म्हणायचं म्हणजे सात वर्षांची इभ्रत पाण्यात. ते ठामपणे म्हणाले, "शास्त्र सांगतं, आत काहीतरी उबदार आहे. लादी काढावी लागेल."

सासऱ्यांनी फडकं हातात घेऊन मधल्या लादीवरून एकदा फिरवलं. मग माळ्यावरची छिन्नी-हातोडी उतरवली. "दुसऱ्या कुणाचा हात नको," एवढंच म्हणाले.

ठक! ठक! लादी निखळली. आत सिमेंट. जावईबापूंनी कॅमेरा रोखला. मोकळ्या सिमेंटवर डाग नाही! पण शेजारच्या लादीवर मात्र त्याची कड चमकत होती.

"सरकला! बाजूला सरकला!"

ठक! शेजारची लादी गेली. डाग तिसरीवर. ठक! चौथीवर. सासरे घामाघूम. जितके तापत होते तितका त्यांचा डाग ठसठशीत होत होता.

"चिडलाय तो," सासूबाई दारामागून म्हणाल्या. "लाल व्हायला लागलाय!"

"आणि आपण थांबलो की तोही थांबतो," बायको कुजबुजली. "अरे, तो आपल्याला बघतोय!"

अकरावी लादी निघाली तेव्हा जावईबापू पडद्याच्या अगदी जवळ गेले आणि त्यांची बोबडी वळली. डागाला डोकं होतं. खांदे होते. "बाबा... घूस नाही. माणूस आहे!"

"चार इंची भिंतीत माणूस मावेल कसा?"

"बारीक असेल हो," सासूबाई रडवेल्या झाल्या. "कधीपासून उपाशी असेल बिचारा!" आणि त्यांनी थेट अग्निशमन दलाला फोन लावला. "भिंतीत माणूस अडकलाय! नाही, ओरडत नाही, पण हात हलवतोय!"

वीस मिनिटांत गाडी आली. अधिकारी धिप्पाड, मिशाळ, डोक्यावर शिरस्त्राण, हातात कुऱ्हाड. खालच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात, त्यांच्यामागे अर्धी इमारत. अधिकाऱ्यानं भिंतीला कान लावला, मग जावईबापूंच्या शेजारी उभा राहून पडद्यात पाहिलं. उरलेल्या लाद्यांवर दोन आकृत्या.

त्याचा चेहरा गंभीर झाला. "त्या उजवीकडच्याच्या डोक्यावर आमचं शिरस्त्राण आहे! आमचा माणूस माझ्याआधी आत कसा गेला?" आणि त्यानं बाहेर तोंड करून आरोळी ठोकली, "आपले सगळे मोजा रे!"

"चौघे आहोत साहेब! तुमच्यासकट पाच!"

"मग हा सहावा कोण?" असं म्हणत त्यानं विचारात पडून मिशी कुरवाळली.

पडद्यावरच्या आकृतीनंही मिशी कुरवाळली.

अधिकारी थबकला. त्यानं सावकाश हात वर केला. तिनंही केला. त्यानं कुऱ्हाड नाचवली. तिनं नाचवली. मग त्यानं मान वळवून जावईबापूंकडे अशा नजरेनं पाहिलं, की जावईबापूंना त्या अकरा लाद्यांच्या जागेत शिरून बसावंसं वाटलं.

"लाद्या चकचकीत आहेत," जावईबापू पुटपुटले. "उष्णतेचं... प्रतिबिंब पडतं. पहिल्याच वर्षाला शिकवतात."

"म्हणजे ही आपलीच..." बायकोनं वाक्य अर्ध्यावर सोडलं आणि तोंडात पदर कोंबला. सासूबाई मात्र अजून काळजीत. "मग तो उपाशी माणूस?"

"आई, तो मीच होतो!"

"तरी म्हटलं, खांदे ओळखीचे वाटतात!"

सासरे पालथ्या बादलीवर बसले होते. मांडीवर एक अख्खी निघालेली लादी. जावईबापू त्यांच्यासमोर उकिडवे बसले. "बाबा, चूक झाली. मला तुमच्यासमोर हुशार दिसायचं होतं."

सासऱ्यांनी लादी उलटीसुलटी केली. "एक सांगा. माझ्या भिंतीत डोळ्याला दिसतं, तसंच उष्णतेचंही प्रतिबिंब पडतं?"

"हो. फार कमी भिंतींत एवढं स्वच्छ पडत असेल."

"हं!" सासऱ्यांची छाती थोडी वर आली. "म्हणजे काम चोख होतं. उद्या सुट्टी काढा. सिमेंट कालवायला कुणीतरी लागेल."

एवढ्यात अधिकारी हात धुवायला बेसिनपाशी गेला आणि त्याच्या बुटावर टपकन पाणी पडलं. त्यानं खाली वाकून बेसिनखालच्या नळीचा सैल झालेला नट दोन बोटांनी अर्धा फेरा फिरवला. टपटप थांबली. जिन्यातून बाईंचा आवाज आला, "ओल तिथूनच येत असणार! मी आधीच म्हणत होते!" कॅमेरा कोपऱ्यात टॉवेलावर पालथा पडला होता. त्याला कुणीच काही विचारलं नाही.

निघताना अधिकाऱ्यानं खिशातून फॉर्म काढला. "नियम आहे. गाडी निघाली की कागद भरावा लागतो. सुटका झालेल्यांची संख्या?"

"शून्य लिहा ना," जावईबापू काकुळतीला आले.

"शून्य लिहिलं तर खोटा फोन केल्याबद्दल आईंना कचेरीत बोलावतील."

सासूबाईंनी जावयाकडे पाहिलं. बायकोनं पाहिलं. सासऱ्यांनी तर हातोडीसकट पाहिलं.

"एक लिहा," जावईबापू म्हणाले.

"नाव?"

त्यांनी आपलं पूर्ण नाव, पदवीसकट, सांगितलं. अधिकाऱ्यानं सगळं नीट, सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं.

"कुठून सोडवलं?"

"भिंतीतून."

"प्रकृती?"

"बरी आहे."

"इथे सही करा. आणि पुढच्या रकान्यात, सुटका झालेल्या व्यक्तीशी तुमचं नातं."

जावईबापूंनी पेन घेतलं आणि लिहिलं: दूरचं.