महाराजांच्या नाकाची आणि कावळ्यांच्या दाव्याची हकीकत

॥ श्री ॥

ज्या कर्त्याने हत्तीस सोंड दिली आणि मुंगीस घाई दिली, त्यास नमन करून लेखनास आरंभ. शके सोळाशे एक्याऐंशी, प्रमाथीनाम संवत्सर, भाद्रपद मास. ते समयी एक राज्य होते. त्याचे नाव लिहिल्यास तेथील वंशज भांडावयास येतील, याजकरिता लिहिले नाही. त्या राज्यात महाराजांचा रिवाज ऐसा जे, सकाळी एक नवल ऐकल्यावाचून मुखी घास घालावयाचा नाही. नवल खरे असावे, आणि ऐकताना मात्र खोटे वाटावे. या कामी महिपतपंत नवलनवीस नेमिले होते. पंत देहाने किडकिडीत, परंतु माहितीने लठ्ठ. वाणी, खलाशी, गोसावी, जो वाटेने जाई त्यास बसवून गूळपाणी देत आणि दूरदेशीच्या गोष्टी काढून घेत. त्यांनी सांगितले की, समुद्रात आठ हातांचा एक जीव आहे, त्यास काळजे तीन आणि रक्त निळे, तेव्हा महाराज गंगोबा फडणिसांकडे पाहून बोलिले, "तीन? आणि आमच्या फडणिसांस एकही मिळू नये ना!" मग सांगितले की, समुद्रघोडा म्हणून इवला मासा आहे, त्याच्या जातीत बाळंतपण नर करितो. ते ऐकून राणीवशातून पंतांस त्याच दिवशी डिंकाच्या लाडवांचे ताट गेले. मग सांगितले की, रोहित पक्षी जन्मतो करडा आणि खाण्याच्या गुणाने गुलाबी होतो. तेव्हा महाराजांनी पंधरवडाभर डाळिंबांवाचून काही खाल्ले नाही. रंग होता तोच राहिला, पोट मात्र बिघडले, आणि तेव्हापासून पंतांवर बारीकसा राग धरिला.

ऐसे असता एके सकाळी पंत बोलिले, "सरकार, कावळा माणसाचा चेहरा ओळखतो. कोणी छळिले तर ते तोंड ध्यानी धरितो, आणि भाऊबंदांस सांगतो, आणि पोरांसही शिकवितो." दरबार खो खो हसला. गंगोबा फडणीस म्हणाले, "पंत, मला माझ्या मेहुण्याचा चेहरा ध्यानी राहात नाही, आणि कावळ्यास राहातो?" पंत म्हणाले, "मेहुण्यास विचारा, तुमचा त्यास राहिला असेल." मग महाराजांनी हुकूम केला की, नवल खरे करून दाखवावे. न झाल्यास नवलनविशीची पगडी खाली ठेवावी, आणि उरला जन्म चावडीवर उभे राहून रोज पुकारावे की, आज सूर्य पूर्वेस उगवला, म्हशीने रवंथ केला, पाणी ओले आहे. ही शिक्षा ऐकून पंतांनी पगडी दोन्ही हातांनी घट्ट धरिली. फटके परवडले असते. ज्याने उभा जन्म नवले वेचिली त्याने पाणी ओले आहे म्हणून ओरडावे, हे मरणाहून वाईट.

मग कावळा छळावा कोणी, हा प्रश्न पडला. पितृपंधरवडा तोंडावर आला होता. जो तो म्हणे, "आमचे तीर्थरूप कोणत्या कावळ्यात असतील, काय नेम?" फडणीस म्हणाले, "आमचे वडील तर आधीच तापट." शेवटी पंतांनीच तोड काढिली की, मुखवटा करावा आणि सटवाजी हुजऱ्याने तो चढवून कावळा धरावा, म्हणजे दोष लागला तर मुखवट्यास. आणि भुजंग चितारी यास मुखवट्याची आज्ञा जाहली.

आता येथे त्या राज्यातील एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. पूर्वी कायदा जाहला होता की, चित्रात कोणाचे नाक महाराजांच्या नाकाहून सरस दिसो नये. चितारी लोक भ्याले, आणि सरसनिरस कोणी ठरवावे म्हणून सर्वांस महाराजांचेच नाक देऊ लागले. मग नाकास शोभावी म्हणून मिशी तीच, आणि मिशीस शोभावे म्हणून डोळे तेच. देवळाच्या भिंतीवर रावण काढिला तो दहा महाराज एका ओळीत बसल्यासारखा. एक शूर्पणखा तेवढी सुटली, कारण तिचे नाक आधीच गेलेले. भुजंगाचा हात जन्मभर त्याच एका तोंडावर बसलेला, दुसरे त्यास येतच नव्हते. मग मुखवटा जाहला आणि दरबारी आला, तो हुबेहूब महाराज. सर्वांनी पाहिला आणि सर्वांस एकदमच खोकला आला. पंतांनीही पाहिला, आणि जीभ दातांखाली धरिली. महाराजांस मात्र उमगले नाही. चित्रातील माणसे ऐशीच असतात, असे त्यांस वाटे, आणि आरसा धरणारा अदबीने इतका लांब उभा राही की, त्यात पगडीच काय ती दिसे. महाराज मुखवटा उलटसुलट करून बोलिले, "काय हे ध्यान! डोळ्यांत लबाडी पाहा. ऐशा इसमास मी कोठीघरात पाऊल ठेवू देणार नाही." फडणीस म्हणाले, "मुखवटाच आहे सरकार. मनास लावून घेऊ नये."

मग सटवाजीने मुखवटा चढविला, आणि परसातील वडाखाली भात टाकून एक कावळा धरिला, आणि सर्वांदेखत पायांस धरून उलटा टांगिला. वडावर कल्लोळ उठला. मग कावळा सोडिला. दुसरे दिवशी सटवाजी उघड्या तोंडाने वडाखालून गेला, त्यास कोणी पुसले नाही. आणि मागून महाराज स्नानास निघाले, तो सारा वड त्यांजवर तुटून पडिला. कोणी पगडी नेली, कोणी टाळूवर चोच दिली, कोणी शेल्यावर जे करू नये ते केले. महाराज पालखीत शिरले, पडदे सोडिले, तरी कावळे बरोबर ओरडत गेले. आणि पुढे थोरल्या महाराजांचे श्राद्ध आले. महाराजांनी स्वहस्ते पान वाढून बाहेर ठेविले, आणि एक कावळा शिवेना. भिंतीवर ओळीने बसले आणि पाठ फिरविली. पान शिवल्यावाचून जेवता येत नाही. उन्हे कलली, वडे निवले, खीर दाटली, आणि महाराज उपाशी. तेव्हा संतापून पंतांस बोलाविले आणि म्हणाले, "कोठे गेले तुमचे नवल? कावळा छळिला मुखवट्याने आणि टोचिले मला! म्हणजे कावळ्यास चेहऱ्यातले काडीचे कळत नाही. ठेवा पगडी."

पंतांनी दरबाराकडे पाहिले. सारे तळवे न्याहाळीत बसले. पंतांची पगडी वाचावयास एक वाक्य पुरे होते, आणि तेच वाक्य बोलिल्यास पगडीखालचे वाचेल ऐसा भरवसा नव्हता. मग पंतांनी हात जोडिले आणि म्हणाले, "पगडी ठेवितो. परंतु मुखवटा एकवार आईसाहेबांस दाखवावा, इतकी विनंती." आईसाहेब म्हणजे महाराजांच्या मातोश्री. दृष्टी अधू, जीभ शाबूत, आणि महाराजांस अरेतुरे करणारे राज्यात तेवढेच एक माणूस. त्यांस हाती धरून दरबारी आणिले, तेव्हा पंतांनी मुखवटा त्यांच्या मांडीवर ठेविला आणि पुसले, "आईसाहेब, हे कोण?" त्यांनी कपाळापासून बोटे फिरविली, नाकाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "अगबाई, हा तर आमचा अप्पा! पण असा गार का रे पडलास? जेवला नाहीस अजून?"

महाराजांनी एक हात मुखवट्याच्या नाकास लाविला, दुसरा आपल्या नाकास. मग हुजऱ्यास म्हणाले, "आरसा आण. जवळ आण. आणखी जवळ, मेल्या!" आणि पुष्कळ वेळ पाहात राहिले. मग पंतांस हळूच विचारिले, "हे सर्वांस ठाऊक होते?" पंत म्हणाले, "सरकार, सांगितले मात्र कावळ्यांनीच." फडणिसांस पुन्हा खोकला आला. महाराज आधी ओशाळले, मग पोट धरून हसले, कारण उपाशी पोटी राग धरवत नव्हता. आईसाहेब म्हणाल्या, "हसतोस काय? आण ते पान इकडे." आणि त्यांनी आपल्या हाताने पान बाहेर ठेविले, मग कावळे उतरले आणि वड्यांचा फडशा पाडिला, आणि महाराज जेवावयास बसले.

जेवता जेवता विचारिले, "पंत, हा दावा किती दिवस चालावयाचा?" पंत म्हणाले, "तो कावळा आहे तोवर. मग त्याची पोरे." "आणि उपाय?" "रोज याच तोंडाने कावळ्यांस घास घालावा सरकार. दुसरे तोंड आपणापाशी नाही." महाराज भाताचा घास हाती धरून थांबले आणि म्हणाले, "आमचे पदरी इतके लिहिणारे आहेत, पंत. आम्ही काय काय केले ते एकासही स्मरत नाही. दफ्तरात एक कावळा ठेविला असता तर बरे होते."

तात्पर्य, पगडी पंतांचे डोईस राहिली, नाकाचा कायदा मोडिला, आणि रावणास नवी तोंडे काढिली. त्यांपैकी मधले फडणिसांसारखे जाहले, ते त्यांस अद्याप कोणी कळविले नाही. महाराज रोज प्रभाती वडाखाली भात घेऊन उभे राहात. कावळ्यांनी पुढे माफ केले, पगडी मात्र परत दिली नाही. जैसे ऐकिले तैसे लिहिले. चुकले असल्यास वडावर चौकशी करावी. लेखनसीमा.