एक कमी शे

साखरपुडा असो, सत्यनारायण असो नाहीतर कुणाची मयत, आमच्या कॉलनीत आबा आले की आधी माणसं मोजतात. बोट पुढे, ओठ हलतायत, सुरुवात दारापासून. शेवटच्या माणसापाशी पोचले की थांबतात, मान हलवतात आणि म्हणतात, "एक कमी शे."

कोण कमी आहे विचारलं, तर पुन्हा दारापासून मोजायला लागतात. अहो, मयतीतसुद्धा हेच! तिथे एक कमी असणारच ना?

आबा आमचे शेजारी. जन्मभर बसमध्ये कंडक्टर होते, रिटायर होऊनही आता सतरा-अठरा वर्षं झाली. आमच्या दोन घरांत एकच भिंत, त्यामुळे सकाळी माझा चहा उकळायच्या आत त्यांची मोजणी कानावर येते. शाळेच्या रिक्षावाल्याला तर ते हलूच देत नाहीत. "मोज. मोठ्यानं मोज. मांडीवरचं धर!"

मांडीवरचं धर, हा आबांचा कायदा. पोर केवढंही असो, ते पूर्ण एक. माझी नणंद सातव्या महिन्यात आमच्याकडे आली, तर तिला दारात बघून म्हणाले, "या, दोघं या." ती बिचारी मागे वळून बघायला लागली, आणखी कोण आलं म्हणून.

अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, एकदा त्यांना डोक्याच्या डॉक्टरांकडे नेलं. सोबतीला मी. आत जाऊन बसतात न बसतात तोच आबा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, बाहेर सतरा बसलेत. तुमच्या वहीत सोळा असतील. हिरव्या साडीवालीच्या कडेवरचं धरलं नाही तुम्ही." डॉक्टर भला माणूस. त्याने खरोखर वही मागवली. सोळाच होते. मग गोळ्या लिहून दिल्या. गोळ्यांनी आबा दिवसासुद्धा झोपायला लागले, पण डोळा उघडला की पुन्हा दारापासून सुरू.

गेल्या हिवाळ्यात कॉलनीची भरीत पार्टी होती, एकाच्या शेतावर. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजली, सगळे तुडुंब जेवले आणि परतायला टेम्पोत चढले. आबा खाली उभे. मोजलं. "एक कमी शे." पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. पोरं पेंगायला लागली, ड्रायव्हर हॉर्न मारतोय, आणि आबा वाकून टेम्पोच्या खाली बघतायत! माझं डोकंच सटकलं. माझी जीभ तशीही कुणाच्या ताब्यात नाही, माझ्या तर नाहीच नाही.

"आबा, पुरे झाला हा तमाशा! सगळे आहेत. तुमच्या डोक्यातच कुणीतरी कमी आहे!"

सगळा टेम्पो हसला. खोटं कशाला बोलू, मलाही जरा बरं वाटलं. आबा चढले आणि कोपऱ्यात पिशवी मांडीवर घेऊन बसले.

दुसऱ्या दिवशी अक्का माझ्याकडे आल्या. मला वाटलं, आता भांडण. पण त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, "बरोबर बोललीस तू. डोक्यातच आहे ती त्यांच्या."

"कोण?"

मग त्यांनी सांगितलं. खूप वर्षांपूर्वी भडगावकडच्या एका नाल्यावर, ठेंगण्या पुलावर, आबांची बस पुराच्या पाण्यात बंद पडली. गावकऱ्यांनी दोर बांधून एकेक माणूस काढला. आबांनी काठावर सगळ्यांची मोजणी केली. तिकिटं एकतीस, माणसं एकतीस. "भरले!" म्हणून आबाच ओरडले, आणि लोकांनी दोर सोडला.

पाच वर्षांखालच्या पोरांना तिकीट लागत नाही. चार वर्षांची एक मुलगी घाबरून मागच्या सीटखाली जाऊन बसली होती. कुणीतरी तिला आधीच उतरवलं असेल, असं समजून तिची आई उतरली आणि काठावर येताच बेशुद्ध पडली. ती शुद्धीवर आली, मुलीला शोधायला लागली, तोवर पाण्याने बस नेली होती.

"चौकशी झाली," अक्का म्हणाल्या. "यांचा काही दोष नाही, असं लिहून आलं. तिथंच घात झाला बघ. कुणी चार शिव्या घातल्या असत्या, तर सुटले असते."

मला स्वतःच्या जिभेची किळस आली. संध्याकाळी माफी मागायला गेले. मला दारात बघून आबांनी आत आवाज दिला, "एक आली. चहा टाक." चहा प्याले आणि माफी न मागता तशीच परत आले.

परवा आबांना डोळे दाखवायला धुळ्याला जायचं होतं. अक्कांचे गुडघे धरलेले, म्हणून मी गेले. बसमध्ये कंडक्टर आला, पोरसवदा होता. आता आबांना वयामुळे प्रवास फुकट आणि मला बाई म्हणून अर्धं तिकीट. आबांचं कार्ड बघून त्याने शून्याचं तिकीट दिलं, माझं अर्धं काढलं आणि पुढे निघाला.

"अजून एक अर्धं," आबा म्हणाले.

"दुसऱ्या बाई कुठायत?"

"बाई नाही. पोरगी. चार वर्षांची."

कंडक्टर हसला. "मग तिला तिकीटच लागत नाही, आजोबा."

"लागतं," आबा म्हणाले. "फाड."

त्याने इकडेतिकडे बघितलं. "अहो, पण पोरगी कुठंय?"

आबा वाकून सीटखाली बघायला लागले. मला राहवलं नाही.

"आहे मागे," मी म्हटलं. "झोपलीय. द्या तुम्ही तिकीट."

त्याने खांदे उडवले आणि तिकीट दिलं. आबांनी ते हातावर सपाट केलं, माझं आणि स्वतःचं त्याच्यावर ठेवलं. मग हळूच माझ्याकडे बघितलं. तिला मी बसमधल्या माणसांत धरलं, याचं त्यांना बरं वाटलं असावं. मलाही वाटलं, चला, आज तरी या माणसाची मोजणी पुरी होईल. मी धीर करून विचारलं, "आबा, भरले का?"

त्यांनी आधी तिकिटांवर बोट ठेवलं. मग माझ्याकडे केलं, मग स्वतःच्या छातीकडे. बोट तिथेच राहिलं.

"तिकिटं तीन झाली, ताई," ते म्हणाले. "माणसं दोनच. एक कमी शे."